खोट्या कुस्तीचा खरा खेळ

'डब्ल्यूडब्ल्यूई स्मॅकडाऊन! हिअर कम्स द पेन' हा व्हिडिओ गेम ऑक्टोबर २००३मध्ये प्लेस्टेशन टूसाठी बाजारात आला. बनवला जपानच्या युक्स या कंपनीने, विकला अमेरिकेच्या टीएचक्यूने. पुढच्या वीसेक वर्षांत या गेमच्या आजूबाजूचं जवळपास सगळं संपलं. टीएचक्यूने डिसेंबर २०१२मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. पंधरा कोटींहून जास्त खपलेल्या प्लेस्टेशन टूचं उत्पादन त्याच सुमारास थांबलं. गेमच्या वेष्टनावरचा ब्रॉक लेस्नर तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. गेममध्ये नवखा रॅपर म्हणून वावरणारा जॉन सीना २०२५मध्ये निवृत्त झाला. अंडरटेकर त्याच्याही पाच वर्षं आधी. या मालिकेचे नवे गेम मात्र जवळपास दरवर्षी येत राहिले. प्रत्येकात घाम जास्त खरा, केस जास्त खरे, प्रेक्षकांचे चेहरे जास्त खरे.

आणि तरीही वेळापूर, अकलूज, माळशिरस या पट्ट्यात अठरा-वीस वर्षांच्या पोरांच्या मोबाइलमध्ये डोकावलं, तर एम्युलेटरवर चाललेला हाच जुना गेम दिसतो. एम्युलेटर म्हणजे एका यंत्राला दुसऱ्या यंत्राचं सोंग घ्यायला लावणारं सॉफ्टवेअर. ज्या यंत्राचं सोंग हा मोबाइल घेतोय, ते यंत्र यातल्या बऱ्याच पोरांनी डोळ्यांनी पाहिलेलंही नाही. वयाने मोठे असलेले, एकेकाळी तासाला दहा-पंधरा रुपये मोजून दुकानात खेळलेले लोकही खेळतात. पण प्रश्न पडतो तो या नव्या पोरांमुळे.

कारण त्यांच्याबाबतीत नेहमीची दोन्ही उत्तरं लंगडी पडतात. पहिलं उत्तर स्मरणरंजनाचं: माणसाला आपलं बालपण आवडतं, म्हणून त्या काळातल्या वस्तूही आवडतात. पण आज अठरा वर्षांचा असलेला मुलगा हा गेम आला तेव्हा जन्मलेलाच नव्हता. त्याला कुठल्या बालपणाची आठवण येणार? दुसरं उत्तर पैशाचं: फुकटात मिळतो, म्हणून खेळतात. पण फुकट गेमना आज तोटा नाही. मोबाइलवर शेकडो आहेत, जास्त चकचकीत आहेत, आणि ते मिळवायला कुणाकडून फाइल मागून घ्यावी लागत नाही. हा गेम चालवायला उलट खटपट करावी लागते. सेटिंग बदलत बसावं लागतं, फोन तापतो, आवाज अडखळतो. इतकं करून माणूस एखाद्या गोष्टीपाशी थांबतो, तेव्हा त्या गोष्टीत काहीतरी असतं. ते काय आहे, हे गेमकडे पाहूनच शोधायला हवं.

*

आधी गेम कसा चालतो ते पाहू. पकड घालायचं बटण एकच. त्याच्याबरोबर कुठली दिशा दाबली यावर पकडीचा प्रकार ठरतो: ताकदीची, चपळाईची, सांधे पिळण्याची, आणि त्या-त्या मल्लाची खास. प्रत्येक पकडीतून पुन्हा दिशांनुसार वेगवेगळे डाव फुटतात. समोरच्याचा ठोसा-लाथ उलटवायला एक बटण, पकड उलटवायला दुसरं. पडद्याच्या कोपऱ्यात प्रत्येकाच्या शरीराची एक लहानशी आकृती असते. डोकं, धड, हात, पाय, जिथे मार बसेल तो भाग रंग बदलत लाल होत जातो. लढत रंगली की ताकद साठते, आणि ती पुरेशी साठली की मल्लाचा ठेवणीतला डाव टाकता येतो.

नियम एवढेच. शिकायला दहा मिनिटं लागतात. पण या दहा मिनिटांच्या नियमांतून एक गोष्ट फार लवकर कळते: समोरच्याचा पाय लाल झालाय, तर डोक्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पाय धरा. ही अक्कल तालमीतली आहे. दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूने पट काढावा, थकलेल्या मानेवर वजन टाकावं, हे वस्ताद पोराला सांगतो ते याच भाषेत. गेम बनवणाऱ्या जपानी लोकांनी आपली तालीम पाहिली असेल असं अजिबात नाही. शरीराशी झुंजण्याचं एक साधं व्याकरण असतं, आणि त्यांना ते बरोबर सापडलं, एवढंच.

दुसरी गोष्ट वेगाची. या गेममधले मल्ल भराभर उठतात, धावतात, दोरावर चढतात, खुर्च्या फेकतात. एकशेतीस किलोचा माणूस इतक्या चपळाईने उठत नाही हे सगळ्यांना कळतं. त्याच मालिकेच्या २००५मधल्या भागात दमाचा हिशेब आला. मल्ल दमायचा, गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकायचा, आणि खेळणाऱ्याने एक बटण दाबून त्याला श्वास घेऊ द्यायचा. २०१५च्या भागात उलटडावांचा साठा ठरवून दिला, म्हणजे समोरच्याचा डाव उलटवता येण्याच्या संधीही मोजून मिळू लागल्या. ही सगळी वास्तवाच्या दिशेने टाकलेली पावलं होती. समीक्षकांनी त्यांचं कौतुकही केलं. पण आमच्याकडच्या पोरांना विचारलं तर ती म्हणतात, "त्याच्यात आपल्या हातात काय राहत नाही."

हे वाक्य मला फार नेमकं वाटतं. वास्तव वाढलं आणि हातातलं कमी झालं, असं का व्हावं?

*

त्याचं उत्तर 'सिम्युलेशन' या शब्दात आहे. सिम्युलेशन म्हणजे हुबेहूब नक्कल. पण नक्कल कशाची?

खऱ्या कुस्तीची नक्कल करायची तर प्रश्न सोपा आहे. डब्ल्यूडब्ल्यूईची कुस्ती मुळात ठरवलेली असते. कोण जिंकणार हे आधी लिहिलेलं असतं, डाव दोघांच्या संमतीने पडतात. आपल्याकडे अशा कुस्तीला जुना शब्द आहे, नुरा कुस्ती. मैदानात नुरा कुस्ती चालल्याचा नुसता संशय आला तरी लोक उठून ओरडतात, इनाम रोखायला लावतात. नुरा म्हणजे पैलवानाच्या नावाला लागलेला डाग. पण त्याच लोकांची मुलं संध्याकाळी टीव्हीवर जगातली सगळ्यात मोठी नुरा कुस्ती तोंडाचा आ करून पाहत होती, आणि घरातल्या म्हाताऱ्यांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९५७च्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात अशा कुस्तीवर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की हा खेळ नाही, तमाशा आहे. प्रेक्षकाला लढत खरी की ठरवलेली याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला वेदना, पराभव आणि न्याय डोळ्यांसमोर स्पष्ट घडलेले पाहायचे असतात.

बार्थचं म्हणणं प्रौढ प्रेक्षकाला लागू पडतं. दहा वर्षांच्या पोराचं तसं नसतं. त्याला देणंघेणं असतं. कळत असतं आणि नसतंही. अंडरटेकर शवपेटीतून उठून येतो हे खोटं, हे त्याला माहीत असतं; पण अंडरटेकर आणि ट्रिपल एच खरोखर भिडले तर कोण जिंकेल, हा प्रश्न त्याच्यासाठी शंभर टक्के खरा असतो. नव्वदच्या दशकात ट्रम्प कार्डं खेळलेल्यांना हे आठवेल. रँक, उंची, वजन, छाती, लढती. पत्त्यावरच्या आकड्यांनी निकाल लागायचा. ते आपलं पहिलं कुस्तीचं सिम्युलेशन. टीव्हीवर जे दुसऱ्या कुणीतरी ठरवून टाकलं होतं, ते पत्त्यांवर आपण नव्याने लढवून पाहत होतो.

'हिअर कम्स द पेन' हे त्याच कामाचं पुढचं रूप आहे. टीव्हीवरची कुस्ती ठरवलेली, गेममधली मात्र खरोखरची. इथे निकाल कुणी लिहून ठेवलेला नाही. समोर बसलेला मित्र जिंकणार की आपण, हे शेवटच्या सेकंदापर्यंत ठाऊक नसतं. खोट्या कुस्तीचा हा खरा खेळ आहे. आणि त्याचा वेग, त्यातली अतिशयोक्ती, हवेत उडणारी माणसं, हे सगळं त्या दहा वर्षांच्या पोराच्या मनात जसं चाललेलं असतं, तसंच आहे. हा गेम कार्यक्रमाची नक्कल करत बसत नाही. कार्यक्रम पाहताना जो विश्वास बसतो, त्याची नक्कल करतो.

नंतरचे गेम हळूहळू कार्यक्रमाची नक्कल करू लागले. मल्लाच्या प्रवेशाची मिरवणूक लांबली, कॅमेरा टीव्हीसारखा फिरू लागला, डाव पडल्यावर तो तीन कोनांतून पुन्हा दिसू लागला. लढतही टीव्हीच्या तालावर चालावी, आधी संथ, मग चढती, मग शेवट, अशी योजना आली. म्हणजे ठरवलेल्या कुस्तीचं ठरवलेपण गेममध्ये शिरलं. पोरांचं 'हातात काय राहत नाही' ते याच अर्थाने. चित्र अद्ययावत झालं आणि खेळ पुन्हा नुरा झाला.

*

या गेममध्ये धावतं वर्णन नाही. आधीच्या दोन भागांत समालोचक होते, यातून ते काढून टाकले. तेव्हाच्या परीक्षणांत ही उणीव म्हणून नोंदली गेली असेल तर त्यात चूक काही नाही. लढत चालू असते, रिंगच्या फळ्या दणाणतात, प्रेक्षक ओरडतात, मागे एखादं रॉक गाणं वाजतं. बोलणारं कुणीच नसतं.

ही रिकामी जागा आमच्याकडे कशी भरली गेली, हे ज्यांनी गावाकडचं कुस्तीचं मैदान पाहिलंय त्यांना सांगायला नको. जत्रेतल्या फडात हलगी आणि निवेदक यांच्याशिवाय कुस्ती होत नाही. पैलवान कुठल्या गावचा, कुठल्या वस्तादाचा पठ्ठा, त्याच्या बापाने कुणाला कधी आस्मान दाखवलं होतं, खुराकाला घरातली म्हैस कशी राखून ठेवलीय, हे सगळं निवेदक माइकवरून सांगत राहतो. त्याच्या बोलण्याने दोन अनोळखी शरीरांना गाव मिळतं, घराणं मिळतं. मग ती कुस्ती आपली होते.

गेमच्या दुकानात हे काम मागे उभी राहिलेली पोरं करायची. खेळणारे दोघं, मागे पाच-सहा जण, पाळीची वाट बघत. "आरं उचल की त्याला!" "पाय धर, पाय लाल झालाय त्याचा!" "ढाक टाक, ढाक!" असल्या आरोळ्या. पडद्यावर रे मिस्टेरिओ, तोंडात ढाक आणि कलाजंग. मल्लांना गावं वाटून दिली जायची. कुणी लेस्नरला सांगलीचा करायचा, कुणी कर्ट अँगलला पुण्याच्या तालमीतला, कारण तो गादीवरचा. हे शेवटचं तर योगायोगाने खरंही होतं. कर्ट अँगल १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमधला फ्रीस्टाइलचा सुवर्णपदक विजेता.

समालोचक असता तर हे झालं नसतं. इंग्रजीतला अखंड आवाज कानावर पडत असताना मराठीतून त्यावर बोलणं अवघड असतं. माणूस आपोआप श्रोता होतो. गेमची उणीव खेळणाऱ्यांच्या उपयोगी पडली. एखादी कलाकृती जुनी झाली तरी टिकते, तेव्हा तिच्यात बहुधा अशी एखादी मोकळी जागा असते, जिथे वापरणाऱ्याला स्वतःचं काही ठेवता येतं. सगळं भरून दिलेल्या घरात भाडेकरू राहतो, पण तो घराला आपलं म्हणत नाही.

*

ही निष्ठा फक्त आपल्याकडची नाही. निन्टेन्डो ६४ या यंत्रावर २०००मध्ये आलेला 'डब्ल्यूडब्ल्यूएफ नो मर्सी' अजून खेळला जातो, आणि त्याचे चाहते त्यात आजचे मल्ल घालत असतात. अ‍ॅडम रायलँड या इंग्रज माणसाने २००२मध्ये 'एक्स्ट्रीम वॉरफेअर रिव्हेंज' नावाचा फुकट गेम काढला. त्यात चित्रपट असा नाहीच, नुसते तक्ते आणि मजकूर. खेळणारा कुस्ती कंपनीचा चालक. कुणाची कुणाशी जोड लावायची, कुणाला वर काढायचं, कुणाचा पगार परवडत नाही, हे ठरवायचं. आपल्या जत्रेच्या पंचकमिटीचं काम. जत्रेच्या दिवशी सकाळी मैदानात बसून वजन-उंची नजरेने जोखत, हातात हात देऊन कुस्त्या जोडणारी जी चार वडीलधारी माणसं असतात, त्यांना हा गेम समजावून सांगायला दोन वाक्यं पुरतील. त्या गेमची पुढची, सुधारलेली भावंडं कधीच आली, तरी मूळ गेमसाठी नव्या मल्लांच्या याद्या चाहते करत राहिले.

मग कंपन्यांनी हीच जुनी चव पुन्हा का बनवून देऊ नये? तोही प्रयत्न झाला. जून २०२३मध्ये 'एईडब्ल्यू फाइट फॉरएव्हर' आला. बनवणारी कंपनी तीच, युक्स. 'नो मर्सी'चा दिग्दर्शक मुद्दाम मदतीला घेतलेला. वेग जुना, साधेपणा जुना. प्रतिसाद मात्र कोमट. यावरून दिसतं की लोकांना नुसता जुना स्वाद नको असतो. ज्या गोष्टीत त्यांची स्वतःची वर्षं गुंतलेली असतात, ती गोष्टच हवी असते. तिची चांगली नक्कल चालत नाही.

इथे मालकीचा मुद्दा येतो. आज मिळणारे कुस्तीचे गेम खेळणाऱ्याचे कधीच पूर्ण होत नाहीत. ऑनलाइन सर्व्हर काही वर्षांनी बंद होतात. परवान्याची मुदत संपली की गेम ऑनलाइन दुकानातून काढला जातो. मल्लांचे पत्ते पैसे देऊन उघडायचे विभाग आहेत, आणि पुढच्या वर्षी नवा भाग आला की त्या पत्त्यांना किंमत राहत नाही. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये आलेला 'टूके २०' तर इतका अर्धाकच्चा होता, की मल्लांचे चेहरे वितळल्यासारखे दिसत, माणसं रिंगमध्ये अडकून थरथरत. कंपनीने पुढच्या वर्षीचा भागच रद्द केला. त्या तुलनेत २००३चा गेम ही पुरी झालेली वस्तू आहे. तिच्यात जे आहे ते आहे. ती कुणी दूरवरून बदलू शकत नाही, बंद करू शकत नाही.

अर्थात आमच्याकडे ही मालकी सरळ मार्गाने आली नाही, हे सांगायलाच हवं. दुकानांतली यंत्रं चिप बसवलेली, डिस्का नकली, आणि आजच्या मोबाइलमधल्या फाइलीही कुणी विकत घेतलेल्या नाहीत. ज्यांनी गेम बनवला त्यांना माळशिरस तालुक्यातून एक पैसा मिळालेला नाही. चाहत्यांच्या निष्ठेचं गुणगान करताना हा हिशेब झाकून ठेवणं बरं नाही. पण त्याच वेळी हेही खरं, की आज कुणी पैसे द्यायचं ठरवलं तरी हा गेम विकणारं दुकान जगात नाही. नव्याने तो कुठेच विकला जात नाही. तो जिवंत आहे तो फक्त या बेकायदा मार्गाने. ज्या गोष्टी जपायला हव्यात त्या जपण्याची कायदेशीर सोय नसेल, तर जपणारे आपोआप चोर ठरतात.

*

गेमची तब्येत तपासताना त्याचे आजार वगळून चालणार नाही. स्त्री-मल्लांसाठी या गेममध्ये लढतीचा एक प्रकार आहे, ज्यात प्रतिस्पर्धी बाईचे कपडे उतरवणं हेच जिंकण्याचं माप. त्या काळात टीव्हीवरही हेच चालायचं. पुढे डब्ल्यूडब्ल्यूईने 'दिवा' हा शब्द २०१६मध्ये टाकून दिला, आणि २०१९च्या 'रेसलमेनिया'चा अखेरचा, मुख्य सामना बायकांचा झाला. आपल्याकडे मार्च २०२३मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा मिळवली. गेम तिथेच, २००३मध्ये थांबलेला. दुकानात त्या लढतीच्या वेळी कसल्या आरोळ्या उठायच्या, ते सांगण्याची गरज नाही. मुलींनी त्या दुकानाची पायरी का चढली नाही, याचं एक कारण पडद्यावरच होतं.

दुसरा आजार जास्त अवघड आहे. या गेममध्ये क्रिस बेन्वा आहे, आणि चपळ, नेमके डाव आवडणाऱ्यांचा तो लाडका. जून २००७मध्ये या माणसाने बायकोचा आणि सात वर्षांच्या मुलाचा खून करून आत्महत्या केली. त्यानंतरच्या एकाही गेममध्ये तो नाही. पण जुन्या डिस्कवरून त्याला कोण काढणार? त्याच्याच बाजूला त्याचा जिवलग मित्र एडी गरेरो उभा असतो, जो नोव्हेंबर २००५मध्ये अडतिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला. पुरी झालेली वस्तू ती हीच: तिच्यात मेलेले जिवंत राहतात आणि गुन्हेगार निर्दोष राहतात. मोबाइलवर चाहत्यांनी बदललेल्या आवृत्त्या फिरतात, त्यांत बेन्वाच्या जागी कधी नवा मल्ल येतो, कधी तो तसाच ठेवला जातो. म्हणजे कंपनीने एका फटक्यात जो निर्णय घेतला, तो इथे प्रत्येकाला आपापला घ्यावा लागतो. निदान त्याची चर्चा होते.

तिसरी गोष्ट आजार नाही, नोंद आहे. या गेममध्ये एकही भारतीय मल्ल नाही. द ग्रेट खली २००६मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत आला आणि गेममध्ये तो पहिल्यांदा दिसला 'स्मॅकडाऊन व्हर्सेस रॉ २००८'मध्ये. आपला माणूस हवा म्हणून लोक नव्या गेमकडे वळतील, असं कुणालाही वाटलं असतं. तसं झालं नाही. खलीसाठी लोकांनी टीव्ही पाहिला, पण खेळताना ते जुन्याकडेच परतले. पडद्यावर आपल्या रंगाचा माणूस दिसण्यापेक्षा पडद्याच्या अलीकडे आपल्या भाषेत ओरडता येणं त्यांना जास्त आपलं वाटलं असावं.

*

आता ज्या जिल्ह्यात बसून हे लिहितोय, तिथे 'जुनं झालेलं सोडत नाहीत' ही तक्रार गेमच्या आधीपासून आणि फार मोठ्या गोष्टीबद्दल केली जाते. मातीतल्या कुस्तीबद्दल.

मातीतल्या मैदानी कुस्तीला घड्याळ नव्हतं. पाठ टेकली की निकाल, नाहीतर बरोबरी. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि गुण. १९६१पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरीत दोन्हींचा मान राखायचा म्हणून माती आणि गादी असे दोन विभाग, आणि दोन्हींचे विजेते शेवटी गदेसाठी एकमेकांशी भिडतात. जानेवारी २०२३मध्ये पुण्यात माती विभागाच्या निर्णायक लढतीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. दोघेही सोलापूर जिल्ह्याचे. महेंद्रच्या एका डावाला चार गुण दिले गेले आणि त्यावरून महिनाभर महाराष्ट्रात वाद चालला. वाद वरवर चार गुणांचा होता. खाली खदखदत होतं ते वेगळंच: मातीत उतरलेल्या दोन मल्लांचा फैसला पाठीऐवजी आकड्याने व्हावा का? गेमवाल्या पोरांची 'हातात काय राहत नाही' ही तक्रार मैदानातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी वेगळ्या शब्दांत ऐकू येते.

इथे दोन्ही निष्ठा सारख्याच मानण्याचा मोह होतो. मला तो टाळावासा वाटतो. खाशाबा जाधवांनी १९५२मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक आणलं. मातीत घडलेला गोळेश्वरचा हा पैलवान गादीवर लढला. त्यानंतर महाराष्ट्राच्या एकाही पैलवानाला ऑलिंपिकचं पदक मिळालेलं नाही. राज्याला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला २०२४ उजाडलं, आणि तेही नेमबाजीत, स्वप्नील कुसाळेकडून. या बहात्तर वर्षांची कारणं अनेक आहेत, पण गादीकडे उशिरा वळणं हे त्यातलं एक आहे. मातीवरच्या आपल्या प्रेमाची किंमत प्रेक्षकांनी मोजली नाही. ती मोजली पहाटे चारला उठून हजार जोर मारणाऱ्या पोरांनी, ज्यांचं अंग पंचविशीत उतरणीला लागलं आणि हाती जत्रांच्या इनामांपलीकडे काही लागलं नाही.

म्हणून जुन्याला धरून राहण्याचं माप एकच ठेवून भागत नाही. विचारायचा प्रश्न असा: या निष्ठेची किंमत कोण देतंय? गेमच्या बाबतीत खेळणाराच पाहणारा असतो. त्याने २००३मध्ये थांबायचं ठरवलं तर त्याच्यापायी कुणाचं आयुष्य थांबत नाही. उलट एक पुरी झालेली, चांगली घडलेली, सदोष वस्तू आणखी काही वर्षं वापरात राहते. कुस्तीत पाहणारा आणि लढणारा वेगळे असतात. तिथे पाहणाऱ्याने आपल्या आवडीचं ओझं लढणाऱ्याच्या मानेवर ठेवायचं की नाही, हा नैतिक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आवडीनिवडीच्या भाषेत देता येत नाही.

पण दोन्हींकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, आणि ती गेम बनवणाऱ्यांनी आणि कुस्ती चालवणाऱ्यांनीही ऐकावी. लोक जुन्याला चिकटतात तेव्हा त्यांना सहसा जुनेपण नको असतं. त्यांना निकाल हवा असतो, डोळ्यांना दिसेल असा आणि कुणी आधी लिहून न ठेवलेला. आणि त्या निकालाच्या भोवती आपल्या शब्दांत बोलायला जागा हवी असते. ज्या दिवशी नवा गेम किंवा नवी गादी या दोन गोष्टी देईल, त्या दिवशी जुनं सोडायला फार मनधरणी करावी लागणार नाही. तोवर ऊसपट्ट्यातल्या कुठल्यातरी कट्ट्यावर एका तापलेल्या फोनवर अंडरटेकर आणि लेस्नर भिडत राहतील, आणि शेजारी टेकून बसलेला कुणीतरी पाय लाल झाल्याची वर्दी देत राहील.